फॉरमॅट मारण्यापूर्वी: बिघडलेल्या विंडोजची दुरुस्ती आणि नव्याने बसवणी

लॅपटॉप सुरू होईनासा झाला की घरातला, शेजारचा किंवा दुकानातला कोणीतरी जाणकार लगेच सांगतो, "फॉरमॅट मारून टाका." या एका वाक्यात दोन वेगळी कामे गुंडाळलेली असतात. डिस्कवरचा एखादा विभाग पुसून तो नव्याने आखणे म्हणजे फॉरमॅट करणे, आणि त्या मोकळ्या जागेत ऑपरेटिंग सिस्टीम बसवणे हे त्यानंतरचे काम. बोलण्यात ही दोन्ही कामे एकच झाल्यामुळे सगळे पुसल्याशिवाय विंडोज दुरुस्त होतच नाही, असा समज पक्का झाला आहे. प्रत्यक्षात विंडोज १० किंवा ११ असलेल्या लॅपटॉपवर तिथवर पोहोचण्यापूर्वी दुरुस्तीच्या पाच-सहा पायऱ्या उपलब्ध असतात आणि त्यांतल्या बहुतेक पायऱ्या तुमच्या फायलींना हातही लावत नाहीत. कोणती पायरी केव्हा चढायची हे कळण्यासाठी आधी लॅपटॉप सुरू होताना आत काय घडते ते पाहावे लागेल.

बटण दाबल्यावर सर्वांत आधी जागी होते ती मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कायम बसवलेली यूईएफआय ही प्रणाली, जिला जुन्या सवयीने आजही सगळे बायोस म्हणतात. ती स्मृती (रॅम), कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का ते तपासते आणि डिस्कवरचा एक छोटा, एरवी न दिसणारा विभाग शोधते. विंडोजचा बूट मॅनेजर त्या विभागात असतो. तो एक नोंदवही वाचतो, विंडोज कोणत्या विभागात आहे हे तिच्यातून समजून घेतो आणि पुढच्या लोडरला हाक मारतो. लोडर विंडोजचा गाभा म्हणजे कर्नल आणि यंत्राचे भाग चालवणारे अत्यावश्यक ड्रायव्हर स्मृतीत आणतो, आणि मग तुम्हाला पासवर्ड विचारणारा पडदा दिसतो. ही साखळी कुठे तुटली हे पडद्यावरूनच बऱ्यापैकी ओळखता येते. कंपनीचे बोधचिन्हही उमटत नसेल तर दोष यंत्राचा आहे आणि विंडोज कितीही वेळा टाकले तरी उपयोग नाही. बोधचिन्ह दिसून पुढे बूट करण्याजोगी डिस्कच सापडत नाही असा इंग्रजी संदेश आला, तर एकतर डिस्क यंत्राला दिसत नाही किंवा तो छोटा विभाग बिघडला आहे. गोल फिरणारे ठिपके दिसून निळा किंवा काळा पडदा येत असेल तर संशय ड्रायव्हरवर, नुकत्याच आलेल्या अपडेटवर किंवा खराब झालेल्या सिस्टीम फायलींवर घ्यावा. पासवर्ड घेतल्यानंतर गाडी अडत असेल, तर बहुधा काम त्याहून हलक्या उपायावर भागते.

डिस्क यंत्राला दिसते की नाही, हे बूट होताना एफ२ किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये शिरल्यावर कळते. तिथे डिस्कचे नाव नसेल तर ती सैल झाली असेल किंवा कामातून गेली असेल. नाव दिसणारी डिस्क निरोगी असतेच असेही नाही. माझ्या मावसभावाच्या लॅपटॉपवर एका दुकानात तीन महिन्यांत दोनदा नवे विंडोज टाकून झाले होते. दर वेळी पंधरा-वीस दिवस बरे जात आणि पुन्हा तेच रडगाणे. शेवटी मी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन चालवले, तेव्हा वरच्या बाजूला 'कॉशन' ही पिवळी सूचना होती आणि खालच्या तक्त्यात 'रिअलोकेटेड सेक्टर्स काउंट' ही ओळही पिवळी झाली होती. डिस्कचे खराब झालेले तुकडे बाजूला सारून राखीव तुकडे वापरायला काढले की हा आकडा वाढतो. दोष डिस्कचा होता आणि मलमपट्टी विंडोजची चालली होती. डिस्क अशी खंगलेली असेल, तर तिच्यावर दुरुस्तीचे प्रयोगही करू नयेत. डिस्क तपासणारे चेकडिस्कसारखे साधन सगळी डिस्क वाचत सुटते आणि मरणपंथाला लागलेल्या डिस्कला तेवढे श्रमही पुरे होतात. तिच्यावरून आधी फायली उतरवून घ्याव्यात, बाकी सगळे नंतर.

कोणत्याही उपायाला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट ताब्यात असलीच पाहिजे, ती म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकर या विंडोजमधील सोयीची रिकव्हरी की. अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपवर डिस्क कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय न वाचता येणारी असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. २०२४ साली आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की हे कूटबंधन बहुधा आपोआप सुरू होते. एरवी त्याचे कुलूप मदरबोर्डवरची टीपीएम ही सुरक्षा चिप गुपचूप उघडून देते. पण बायोसमधील एखादी मांडणी बदलली, मदरबोर्ड बदलला किंवा विंडोजच्या दुरुस्तीसाठीच्या छोट्या रूपातून (त्याची ओळख पुढे येईल) डिस्क उघडायला गेलात की ४८ अंकांची किल्ली विचारणारा पडदा समोर उभा राहतो. हे अंक सहा-सहांच्या आठ गटांत असतात. घरगुती लॅपटॉपवर ही किल्ली बहुधा मालकाच्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते आणि मोबाइलवरून त्या खात्यात शिरून पाहता येते. खात्यात एकापेक्षा अधिक किल्ल्या असतील, तर पडद्यावर दिसणाऱ्या 'की आयडी'ची पहिली आठ अक्षरे जुळवून योग्य ती निवडावी. किल्ली कुठेच सापडली नाही तर आतील माहिती गेली असे समजावे. कोणताही दुकानदार, आणि स्वतः मायक्रोसॉफ्टही, ती उघडून देऊ शकत नाही.

या किल्लीची किंमत १९ जुलै २०२४ रोजी जगाला कळली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून थबकले, आणि आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय तसा किरकोळ होता: सेफ मोड या मोजक्या ड्रायव्हरवर चालणाऱ्या रूपात शिरायचे आणि एक विशिष्ट फाइल पुसायची. पण कूटबद्ध डिस्क असलेल्या प्रत्येक संगणकासाठी आधी ही ४८ अंकी किल्ली शोधून टंकावी लागत होती, आणि हजारो संगणक सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांचा खरा वेळ त्यातच गेला. त्या दिवशी कोणी 'फॉरमॅट मारा' हा सल्ला मानला असता, तर एका फाइलपायी सगळी माहिती गमावली असती.

आता पायऱ्यांकडे वळू. विंडोजसोबत डिस्कच्या एका कोपऱ्यात त्याचे एक छोटे, वेगळे रूप ठेवलेले असते, ज्याला रिकव्हरी वातावरण म्हणतात. विंडोज सुरू होत असेल तर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट केल्यावर तिथे पोहोचता येते. सुरूच होत नसेल तर लागोपाठ दोन-तीनदा बूट फसल्यावर लॅपटॉप आपणहून तिथे नेतो. नेला नाही, तर ठिपके फिरत असताना पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून तो बंद करावा आणि असे दोन-तीनदा करावे. निळ्या पार्श्वभूमीवर 'ट्रबलशूट' आणि त्यापुढे 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' असे पर्याय येतात. पहिला प्रयोग 'स्टार्टअप रिपेअर'चा करावा. तो बूटची नोंदवही आणि छोटा विभाग तपासतो. यश येईलच असे नाही, पण त्याने नुकसान सहसा होत नाही. बिघाड अपडेटनंतर झाला असेल तर 'अनइन्स्टॉल अपडेट्स' निवडून आधी मासिक अपडेट काढून पाहावे आणि तेवढ्याने भागले नाही तरच मोठ्या आवृत्तीचे अपडेट काढावे. 'सिस्टीम रिस्टोअर' ही सोय सिस्टीम फायली, ड्रायव्हर आणि रजिस्ट्री (विंडोजच्या मांडण्यांचा साठा) जुन्या तारखेच्या स्थितीला नेते आणि तुमची कागदपत्रे आहेत तिथेच ठेवते. मात्र पुष्कळ लॅपटॉपवर ती मुळात चालूच केलेली नसते, त्यामुळे ऐन गरजेला परतायला एकही तारीख सापडत नाही. सेफ मोडमध्ये विंडोज मोजक्या ड्रायव्हरवर चालते. तिथे लॅपटॉप नीट चालला तर दोषी बहुधा नंतर बसवलेला एखादा ड्रायव्हर किंवा प्रोग्रॅम असतो, आणि तो तिथूनच काढता येतो.

याच वातावरणातला 'कमांड प्रॉम्प्ट' पाहून लोक दचकतात, पण फायली वाचवण्याची एक सोपी युक्ती तिथेच आहे. काळी खिडकी उघडली की ओळीच्या सुरुवातीला एक्स हे अक्षर दिसते. ही तुमची डिस्क नाही, स्मृतीत तात्पुरते उघडलेले रिकव्हरी वातावरण आहे. तिथे इंग्रजी स्पेलिंगने नोटपॅड असे टंकून एंटर दाबा. साधे नोटपॅड उघडेल. त्याच्या फाइल मेनूतील 'ओपन' निवडले की समोर येणारी खिडकी म्हणजे कामचलाऊ फाइल एक्स्प्लोररच असतो. खालच्या बाजूला 'टेक्स्ट डॉक्युमेंट्स'ऐवजी 'ऑल फाइल्स' निवडा, म्हणजे सर्व प्रकारच्या फायली दिसू लागतील. मग आपल्या नावाच्या फोल्डरपर्यंत जाऊन हवे ते फोल्डर राइट क्लिकने कॉपी करा आणि त्याच खिडकीतून पेनड्राइव्ह किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर पेस्ट करा. इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. या वातावरणात विभागांची अक्षरे बदललेली असू शकतात, त्यामुळे नेहमीची सी ड्राइव्ह डी म्हणूनही समोर येईल. यूझर्स हे फोल्डर जिथे आहे ती आपली, असे ओळखावे. दुसरे म्हणजे किती काम झाले ते दाखवणारी पट्टी बहुधा दिसत नाही आणि खिडकी गोठल्यासारखी वाटते; पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत असेल तर धीर धरावा आणि थोडे-थोडे फोल्डर न्यावेत. हे जमले नाही, तर दुसऱ्या संगणकावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमचा पेनड्राइव्ह तयार करून, ती लॅपटॉपवर न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालवून, त्यातूनही फायली उतरवता येतात.

विंडोज सुरू होते पण खोडसाळपणा करते, मेनू उघडत नाहीत, अपडेट पुन्हा पुन्हा फसतात, अशा वेळी सिस्टीम फायलींची तपासणी करावी. तिची दोन साधने आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. विंडोज आपल्या मूळ फायलींचा एक साठा स्वतःजवळ बाळगते, जणू दुकानामागचे गोदाम. एसएफसी हे साधन दुकानातला खराब माल ओळखून गोदामातून बदलून आणते, पण गोदामातच माल नासला असेल तर त्याचे काही चालत नाही. गोदाम दुरुस्त करण्याचे काम डीआयएसएम हे साधन इंटरनेटवरून नव्या फायली आणून करते. म्हणून अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी डीआयएसएमची रिस्टोअरहेल्थ ही आज्ञा आणि ती पूर्ण झाल्यावर एसएफसीची स्कॅननाऊ ही आज्ञा द्यावी. डीआयएसएमचा आकडा ६२ टक्क्यांच्या आसपास बराच वेळ खिळून राहिलेला पुष्कळांनी पाहिला असेल. तेवढ्यावरून खिडकी बंद करू नये.

यानंतरची पायरी माझ्या मते सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. विंडोज जर डेस्कटॉपपर्यंत पोहोचत असेल, तर त्याच्यावरच तेच विंडोज पुन्हा बसवता येते. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोजची आयएसओ फाइल, म्हणजे बसवणीचे सगळे साहित्य असलेली एकच मोठी फाइल, उतरवावी, तिच्यावर दोनदा क्लिक करून ती उघडावी आणि आतला सेटअप चालवावा. फायली आणि अॅप्स दोन्ही राखण्याचा पर्याय तो देतो. तो मिळण्यासाठी आयएसओची भाषा आणि आवृत्तीचा प्रकार आधीच्याशी जुळलेला हवा, आणि आयएसओ सध्याच्या विंडोजपेक्षा जुनी नसावी. तास-दीड तासाने लॅपटॉप परत येतो तेव्हा विंडोजच्या सगळ्या फायली नव्या असतात आणि तुमचे प्रोग्रॅम, फोटो, प्रिंटर जागच्या जागी असतात. विंडोज ११ मध्ये हेच काम सेटिंग्जमधील 'सिस्टीम' आणि 'रिकव्हरी' या वाटेने, आयएसओ न उतरवताही, विंडोज अपडेटच्या मदतीने करून घेता येते. फॉरमॅट करून सगळे प्रोग्रॅम पुन्हा टाकण्यात जाणारे दोन दिवस यातून वाचतात. दुकानात हा पर्याय क्वचितच सुचवला जातो, कारण पेनड्राइव्ह लावून सरसकट पुसणे त्यांना अधिक सोयीचे असते.

डेस्कटॉपच दिसत नसेल तर 'रीसेट धिस पीसी' उरते. यात 'कीप माय फाइल्स' निवडले तर वैयक्तिक फायली राहतात, पण बाहेरून टाकलेले सर्व प्रोग्रॅम जातात. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडले तर सगळेच जाते. पुढचा प्रश्न विंडोजच्या फायली डिस्कवरच्याच वापरायच्या की इंटरनेटवरून आणायच्या असा असतो. डिस्कवरच्या फायलीच बिघडल्याचा संशय असेल तर दुसरा पर्याय चांगला, पण त्यासाठी सुमारे ४ जीबी माहिती उतरते, तेव्हा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असणाऱ्यांनी आधी शिल्लक डेटा पाहावा.

'कीप माय फाइल्स' या शब्दांवर मात्र सर्वस्वी विसंबू नये. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो यांची आठवण सगळ्यांना असते. विसरतात ते इतरत्र पडलेले. टॅलीचा डेटा बहुधा पब्लिक फोल्डरमध्ये किंवा थेट सी ड्राइव्हवर असतो. ब्राउझरमधील बुकमार्क आणि पासवर्ड खात्याशी जोडलेले नसतील तर ते एका लपवलेल्या फोल्डरात असतात. वनड्राइव्ह ही मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण चालू असेल तर डेस्कटॉपवर दिसणाऱ्या ज्या फायलींवर निळ्या ढगाचे चिन्ह आहे, त्या लॅपटॉपवर नसतातच, इंटरनेटवरच्या साठवणीत, म्हणजे 'ढगात'च असतात. त्या नुसत्या पेनड्राइव्हवर ओढून निर्धास्त होऊ नये, दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात.

सर्व उपाय थकले, विषाणूने लॅपटॉप पोखरला किंवा डिस्क बदलली, तर मात्र कोरी बसवणी करावी. त्यासाठी किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह, दुसरा चालू संगणक आणि पेनड्राइव्हवर विंडोजची बसवणी तयार करून देणारे मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल पुरते. पेनड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते हे विसरू नका. त्यावरून बूट करण्यासाठी लॅपटॉप सुरू होताना एचपीवर एफ९, डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, असूसवर एस्केप दाबावे लागते. विभाग निवडण्याचा पडदा हाच या सगळ्या कामातील धोक्याचा टप्पा आहे. लॅपटॉपमध्ये एसएसडी आणि हार्डडिस्क अशा दोन डिस्क असतील, तर आकारावरून विंडोजची डिस्क ओळखावी, तिच्यावरचेच विभाग पुसावेत आणि मोकळ्या जागेवर पुढे जावे. पेनड्राइव्हखेरीज बाहेरची प्रत्येक डिस्क आधीच काढून ठेवावी. इंटेलच्या ११ व्या पिढीपासून पुढच्या काही लॅपटॉपवर या पडद्यावर एकही डिस्क दिसत नाही. डिस्क मेली असे समजून घाबरू नये. तिथे इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर लागतो. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून तो उतरवून, सुटा करून पेनड्राइव्हवर ठेवावा आणि 'लोड ड्रायव्हर' या पर्यायाने दाखवावा.

सेटअप परवाना क्रमांक मागतो, तेव्हा आपल्याजवळ तो नसल्याचे सांगून बिनदिक्कत पुढे जावे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, कंपन्या हा क्रमांक मदरबोर्डमध्येच नोंदवून देतात आणि विंडोज १० व ११ इंटरनेट मिळताच आपोआप सक्रिय होतात, अर्थात आवृत्ती तीच असेल तर. लॅपटॉपसोबत अधिकृत विंडोज होम मिळालेले असताना त्यावर क्रॅक केलेले प्रो टाकून देणारे दुकानदार मी पाहिले आहेत. पैसे मोजून घेतलेला परवाना यात वाया जातो आणि परवान्याची तपासणी चुकवणारे अज्ञात साधन पूर्ण अधिकारांनिशी लॅपटॉपवर ठाण मांडून बसते. कोऱ्या विंडोजला वायफायचा ड्रायव्हर मिळाला नाही, तर अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग, म्हणजे मोबाइलचे इंटरनेट लॅपटॉपला देण्याची सोय, चालू करावे. बहुतेक वेळा त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही आणि उरलेले ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून उतरतात.

जुन्या लॅपटॉपवर आता पुन्हा विंडोज १० टाकावे का, हा प्रश्न हमखास येतो. त्याचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती ग्राहकांसाठीची वाढीव सुरक्षा अपडेट योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.०, सिक्युअर बूट ही बायोसमधील सुरक्षा सोय, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर ढोबळमानाने ८ व्या पिढीचा किंवा नंतरचा हवा. या अटी चुकवून ते बसवण्याच्या युक्त्या आहेत, पण तशा लॅपटॉपला पुढची अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ब्राउझर, पत्रव्यवहार आणि चित्रफिती एवढेच काम असेल तर अशा लॅपटॉपवर मी लिनक्स मिंट बसवतो. टॅली किंवा विंडोजवरच चालणारे दुसरे काही लागत असेल तर तो मार्ग उपयोगाचा नाही.

शेवटचे काम मराठीचे. नवे विंडोज बसवल्यावर जुन्या मराठी फायली उघडल्या की अनेकांच्या पोटात गोळा येतो, कारण मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते. श्रीलिपी, आयएसएम किंवा कृतिदेव यांच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर आतून रोमन अक्षरांच्याच जागांवर बसवलेला असतो आणि त्याला देवनागरी रूप तो फॉन्ट देतो. फॉन्ट पुसला गेला की मुखवटा गळून पडतो. तोच फॉन्ट पुन्हा टाकताच मजकूर जसाच्या तसा दिसू लागतो, म्हणून पुसण्यापूर्वी विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातील असे सर्व फॉन्ट पेनड्राइव्हवर घ्यावेत आणि त्या सॉफ्टवेअरचा परवाना किंवा डोंगल (संगणकाला जोडायची परवान्याची खूण) कुठे आहे तेही पाहून ठेवावे. युनिकोडमधील, म्हणजे देवनागरी अक्षरांचेच संकेत वापरणाऱ्या मजकुराला ही अडचण येत नाही. फक्त मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट विंडोज १० पासून मूळ संचात न येता वेगळे मागवावे लागतात. सेटिंग्जमधील 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये देवनागरीच्या पूरक फॉन्टचा संच निवडला की ते उतरतात. तोवर मंगलमध्ये केलेले अर्ज आणि पत्रके निर्मला या फॉन्टात दिसतात आणि ओळी इकडच्या तिकडे सरकतात, एवढेच.